त्रिशलाचं देहवय

माझ्या बायकोचा गुन्हा एवढाच, की ती आयुष्यभर वेळेवर जेवली.

जयसिंगपूरच्या पात्रता कार्यालयात आम्ही दोघांनी एकाच दिवशी रक्त दिलं. मी भूपाल मगदूम, वय एकोणऐंशी. तंबाखूच्या वखारीत उभा जन्म मुकादमी केलेला, गालात बार धरूनच झोपणारा. त्रिशला माझ्याहून तीन वर्षांनी लहान. खिडकीतल्या मुलीनं आधी माझा निकाल वाचला. देहवय सत्त्याऐंशी, पात्र. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात माझं 'सायंकवच' सुरू झालं. माझे दात, डोळे, गुडघे, मूत्रपिंडं, सगळं आता सरकारच्या खर्चानं. आणि खोकला सोडला तर मला काहीसुद्धा होत नव्हतं.

मग तिनं त्रिशलाचा निकाल उघडला आणि तिचा चेहरा खुलला.

"अभिनंदन काकू! देहवय एकसष्ट! तुमच्या वयाच्या कुणाचंच एवढं कमी आलेलं नाही आपल्या तालुक्यात."

"मग हिचं कवच?" मी विचारलं.

"ते सत्तरनंतर मिळतं काका. काकूंना अजून नऊ वर्षं आहेत." तिनं हे असं सांगितलं, जसं काही बक्षीसच देत होती.

नऊ वर्षं! मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला जेमतेम सहा महिने दिले होते. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या तोंडाशी एक झडप असते. त्रिशलाच्या झडपेवर चुना साचून ती कडक झाली होती, पुरती उघडतच नव्हती. बस्तीच्या पायऱ्या चढताना ती दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा हे कळलं. आमच्या भागात जैन मंदिराला बस्ती म्हणतात; त्रिशलाची तिथली सकाळ लग्नापासून चुकलेली नव्हती. उपाय एकच, नवी झडप. घर विकलं तरी त्याचा अर्धा खर्च निघत नव्हता. मूलबाळ नाही की ज्याच्याकडं हात पसरावा. खाजगी विमावाले तिची जन्मतारीख ऐकूनच फोन ठेवत होते. त्यांच्या लेखी ती फार म्हातारी आणि सरकारच्या लेखी फार तरुण!

देहवय म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. त्या धाग्यावर काही ठरावीक जागी मिथाइल नावाचे रासायनिक ठिपके बसतात, काही जागांवरचे गळून पडतात. कुठला ठिपका कधी बसणार आणि कधी जाणार, याला वयाबरोबर चालणारा एक क्रम असतो. तंबाखू, जागरण, काळजी, उन्हातान्हातले कष्ट यांनी तो क्रम पुढं पळतो. बेतानं खाणं आणि शांत झोप यांनी सावकाश सरकतो. रक्ताच्या थेंबातल्या अशा कितीतरी जागा एकदम वाचून यंत्र सांगतं, की हे शरीर किती वर्षं वापरलं गेलंय. तुम्ही जन्माला कधी आलात याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

हे यंत्र आणण्यामागचं कारण चांगलं होतं, आणि तेच जास्त चिडवणारं आहे. आमच्या पिढीत निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून. आईबापांना तारीख आठवायची नाही, मग शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून ठोकून द्यायचे आणि सालही अंदाजपंचे. तसल्या तारखांवर योजना चालवायची म्हणजे रोजची भांडणं. शिवाय वीटभट्टीवर राबून पन्नाशीतच खंगलेली बाई सत्तरीची वाट बघत मरून जायची. देहवयामुळं तिला वेळेत औषधपाणी मिळायला लागलं. याला वाईट कोण म्हणेल? फक्त एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, की एखाद्या माणसाचं सगळं शरीर ठणठणीत असेल आणि एकच कोपरा सडलेला असेल.

मिरजेच्या दवाखान्यात डॉ. नेर्लेकरांनी आम्हाला समोर बसवून घेतलं. तिशी-पस्तिशीची बाई, बोलायला सरळ.

"ते यंत्र रक्तातल्या पेशी वाचतं, आजोबा. झडपेवरचा चुना त्याला दिसत नाही. आजींनी बाकीचं शरीर इतकं छान ठेवलंय, की झडप बदलली तर पंच्याण्णव आरामात गाठतील."

"मग तसं लिहून द्या की."

"तीन वेळा दिलं. यंत्राच्या निकालापुढं डॉक्टरांचं मत चालत नाही. मत आलं की वशिला येतो, म्हणून ते नियमातूनच काढून टाकलंय. दीड महिन्यानं पुन्हा तपासणी करता येते, तेवढी एकच वाट आहे."

त्रिशला म्हणाली, "म्हंजे मी दीड महिन्यात म्हातारी व्हायला पायजे."

डॉक्टरीणबाईंनी उगाचच पडद्यावरचा रिपोर्ट वरखाली केला.

उत्तर आप्पा खोताकडं होतं. वखारीत माझ्या हाताखाली पोती उचलायला असलेला हा गडी आता कारखानदार झाला होता. स्टेशन रोडला लग्नाचा एक हॉल भाड्यानं घेऊन त्यानं 'सुवर्णसंध्या पात्रता केंद्र' काढलं होतं. मी त्रिशलाला घेऊन गेलो.

भर दुपारी हॉलचे पडदे बंद. आत आरामखुर्च्यांच्या रांगा, आणि त्यांत म्हातारे, म्हाताऱ्या, तारवटल्या डोळ्यांनी बसलेले. प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा. कुणाला डुलकी लागली की पट्टा किंचाळायचा आणि तो जीव दचकून जागा व्हायचा. कोपऱ्यात काळ्याकुट्ट तेलात वडे तळणं चालू होतं. नळ्यांतून धूर ओढायची सोय जागच्या जागी. एक आजोबा वडा खाता खाता तोंड उघडं ठेवून थांबले होते, लाळ सदऱ्यावर गळत होती, आणि शेजारचा त्यांना म्हणत होता, "खावा की. दोनच वर्षं ऱ्हायल्यात."

"आता काळजीचा तास," आप्पा कौतुकानं म्हणाला. समोरच्या मोठ्या पडद्यावर एक तरुण दिसायला लागला, रडत होता, त्याचा अपघात झाला होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हंबरडा फोडला.

"खोटं हाय ते," आप्पा माझ्या कानाशी लागला. "नातवाचा चेहरा घेऊन यंत्रावर बनवलेलं. तिला बी ठाव हाय. पण काळीज थोडंच ऐकतंय? काळजीनं देहवय लई झटक्यानं वाढतंय, मुकादम."

तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईनं सत्तरी ओलांडली होती. तिला पेढा द्यायला माणसं धावली. तिला खुर्चीतून उठताच येईना.

"आली तवा चौसष्ट हुती!" आप्पा म्हणाला.

"काय होतंय त्यांना?" मी विचारलं.

"डोळ्यांत मोतीबिंदू."

मोतीबिंदू! दोन डोळ्यांच्या बदल्यात त्या बाईनं आयुष्याची सहा वर्षं काढून दिली होती आणि वर पेढा खात होती. आणि याहून घाण गोष्ट सांगू? त्या क्षणी मी मनात हिशेब करत होतो, की त्रिशलाला किती दिवस बसवावं लागेल.

त्रिशलानं पदर नाकाला लावला होता. "चला हितनं," ती म्हणाली. "मी मेलो तरी हितं बसणार न्हाई." आमच्याकडच्या बायका रागात आल्या की पुरुषासारखं बोलतात. मी तिच्या मागोमाग निघालो.

घरी मी तिच्या नाकदुऱ्या काढल्या. केंद्र नको तर नको, घरातच कर म्हटलं. रात्रीची जेव, जागरण कर, कांदा खा, चिमूटभर तंबाखू धर. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मी नरकाचा रस्ताच दाखवत होतो. तिच्या दृष्टीनं तो तोच होता. दिवस मावळल्यावर तिनं लहानपणापासून अन्नाला हात लावला नव्हता, कारण अंधारात दिव्यावरचे किडे ताटात पडून मरतात. जमिनीखाली पिकणारं काही खाल्लं नव्हतं, कारण एकेका कांद्या-बटाट्यात अगणित जीव नांदतात अशी आमची श्रद्धा. आमची म्हणजे तिची. मी स्टँडवरच्या गाड्यावर सगळं खाऊन, चूळ भरून घरी येणारा माणूस.

"माझ्या एका जिवासाठी लाखो जीव खाऊ व्हय?" ती म्हणाली. मग तिनंच तोड काढली. "भादवा लागतोय. सोळाकारणाचं व्रत धरते. म्हैनाभर एक दिस उपास, एक दिस पारणं. वाळून काडी होईन. यंत्र बी म्हणंल, म्हातारी."

आणि मला ते पटलं! का पटू नये? दरवर्षी भाद्रपद संपला की सगळी गल्ली तिला म्हणायची, काय गं त्रिशला, किती म्हातारी दिसायला लागलीस. उपासानं माणूस खंगतं, हे आम्ही डोळ्यांनी बघत आलो होतो. शिवाय देवाचंही होऊन जाईल आणि सरकारचंही. आमच्यात नवस बोलायचा नसतो, व्रत कसलीही मागणी न ठेवता करायचं असतं. पण ती रोज बस्तीत हात जोडून काय मागत होती ते मला ठाऊक होतं. ती म्हातारपण मागत होती.

डॉ. नेर्लेकरांना आम्ही विचारलं नाही. हृदयाचं कारण सांगून त्या व्रत बंद पाडतील, ही भीती.

त्या महिन्यात मी कसा झालो होतो ते आठवलं तरी स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं. बायकोच्या गळ्याची हाडं वर आली, मी खूश. डोळे खोल गेले, मी खूश. एके सकाळी तिनं दंड पुढं केला आणि म्हणाली, "बघा की, कातडं कसं लोंबायलंय!" आम्ही दोघं त्या लोंबत्या कातड्याकडं बघून हसलो. पारण्याच्या दिवशी ती दोन घास जास्त घ्यायला लागली तर मी ताट उचलायचो. मावळतीला तिला धाप लागायची, ओठ निळसर व्हायचे, आणि मी म्हणायचो, थोडं सोस, थोडंच राहिलंय.

दुसऱ्या तपासणीला मी तिला जवळजवळ उचलूनच नेलं. नव्वदीची दिसत होती. रांगेतल्या लोकांनी आम्हाला पुढं सोडलं. खिडकीतली मुलगी तीच. तिनं निकाल बघितला, डोळे चोळले, पुन्हा बघितला.

"काकू, कमाल आहे! अठ्ठावन्न! तुम्ही तीन वर्षांनी लहान झालात. तुमचा फोटो भिंतीवर लावू का? लोकांना प्रेरणा मिळेल."

त्रिशलानं खिडकीचा गज धरला. मला वाटलं ती खाली बसणार. ती त्या मुलीला म्हणाली, "लाव की बाई. हार पण आणून ठेव."

डॉ. नेर्लेकर चिडल्या. त्यांचा राग रास्त होता. "मला विचारायचं तरी! उपाशी ठेवलं की पेशी आतलं मोडकंतोडकं आधी वापरून टाकतात. घर झाडून घेतात म्हणा. ठिपके मागं सरकतात. कायमचे सरकतात की तेवढ्यापुरते, ते कुणालाच माहीत नाही. पण यंत्र त्या दिवसाचं वाचतं. सुरकुत्या ते मोजत नाही, आजोबा. देहवय कमी करायला जगभर लोक जे करतात, तेच तुम्ही वाढवायला केलंत. आणि इकडं हृदय मात्र थकलं." त्यांनी छातीच्या तपासणीचा नवा रिपोर्ट आमच्यापुढं धरला. सहा महिन्यांतले आता फार तर तीन उरले होते.

त्या संध्याकाळी बस्तीचे उपाध्ये घरी आले. आमच्या बस्तीचे पुजारी, वयानं माझ्याएवढेच, माणूस गोड. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, उपासाची तुमची साधना एवढी झालेली आहे. पुढचा विचार मनात आणायला हरकत नाही. सल्लेखनेसारखं दुसरं पुण्य नाही. गावातून मोठी मिरवणूक काढू."

सल्लेखना म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून, व्रत म्हणून, शांतपणानं देह ठेवणं. आमच्या धर्मातली ती फार मोठी गोष्ट आहे आणि मी ती मोठीच मानतो. पण त्या दिवशी त्या गोड माणसाच्या तोंडून ती ऐकताना मला किळस आली. सरकारनं दार लावलं होतं आणि हे दुसऱ्या दाराला तोरण बांधून आले होते. सगळ्यांचीच सोय होत होती. एक म्हातारी खर्चाविना जात होती, आणि वर मिरवणूक.

मी काही बोलायच्या आत त्रिशला उठून बसली.

"उपाध्ये, ज्याचं हितलं सगळं करून झालंय त्यानं घ्यायची असती ती. मला आजून जगायचंय. ह्यास्नी कोण हाय मागं? माझी सल्लेखना मी ठरवीन. यंत्रानं ठरवायची न्हाई, तुम्ही बी न्हाई." मग म्हणाली, "च्या घेऊन जावा."

ते चहा न घेताच गेले. गल्लीत तिच्याबद्दल कुजबुज सुरू झाली ती त्या दिवसापासून. आयुष्यभर उपास केले आणि शेवटी जिवाला चिकटली म्हणे! जिवाला चिकटू नये तर कशाला चिकटावं माणसानं?

पुढचं एका दमात सांगून टाकतो. ती आप्पाच्या केंद्रात जाऊन बसली. गळ्यात पट्टा घातला, काळजीच्या तासाला पडद्यावर माझंच प्रेत बघितलं. तिसऱ्या तपासणीत देहवय एकाहत्तर आलं, आणि चौथ्या दिवशी तिला सरकारी खर्चानं नवी झडप बसली. ऑपरेशन उत्तम झालं. झडप वीस वर्षं टिकेल, डॉ. नेर्लेकर म्हणाल्या, आजींचं शरीर तेवढं टिकेल असं आता सांगता येत नाही. ते शरीर वीस वर्षं आरामात टिकलं असतं, आम्ही ते मोडून झडप घेतली. त्रिशला आज माझ्यासमोर हिंडती-फिरती आहे. बस्तीच्या पायऱ्यांपर्यंत जाते, आत जात नाही, बाहेरूनच हात जोडते. मी कितीदा सांगितलं, तुला कोण अडवणार आहे. ती म्हणते, मीच.

पण मला सांगायची आहे ती केंद्रात जायच्या आदली संध्याकाळ.

उपाध्ये येऊन गेल्याचा दुसरा दिवस. तिनं मला कांदे आणायला पाठवलं. आमच्या स्वयंपाकघरात कांदा पहिल्यांदाच आला. चिरायला तिचा हात धजेना, म्हणून मी चिरले. मी गाड्यावर भजी मनसोक्त खाल्लेली, पण करायची कशी ते ठाऊक नव्हतं. ती दाराशी पाट घेऊन बसली आणि बेसन किती, तेल किती ते सांगत राहिली. तिनं कधी केली नव्हती, तरी अंदाज बरोबर. सगळं तयार ठेवून आम्ही थांबलो. सूर्य मावळायची वाट बघत थांबलो, कारण उजेडात खाल्लं असतं तर पाप कमी लागलं असतं, पण देहवयही कमीच वाढलं असतं.

अंधार पडल्यावर मी दिवा लावला आणि ताट मांडलं. तळणीचा वास गल्लीभर गेलाच होता. मी खिडकी लावायला उठलो.

"ऱ्हाऊ दे उघडी," ती म्हणाली. "मी चोरून खात न्हाई."

जेवायच्या आधी णमोकार मंत्र म्हणायची तिची सवय. ओठ हलायला लागले. मग तिनं ते दाबून धरले आणि म्हणाली, "ह्याच्यावर न्हाई म्हणायचं."

पहिलं भजं तिनं डोळे मिटून तोंडात टाकलं आणि चावलं. मोरीपर्यंत कशीबशी पोचली. ओकून झालं, चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा येऊन ताटावर बसली.

"वाढा."

मी भज्यांचं पातेलं बाजूला धरलं. "त्रिशला, बास. नको करू. आपण घर विकू, कुठंतरी हात पसरू, काहीतरी करू."

"काय बी व्हणार न्हाई त्यानं. वाढा म्हणते न्हवं? आणि तुम्ही का उभं ऱ्हायलासा? लगीन झाल्यापास्नं म्हणत हुतासा, रातच्याला एकदा तरी माझ्यासंगट जेव. बसा की. जेवा."

खरं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात रात्रीचं ताट मी एकट्यानंच संपवलेलं. ती समोर बसायची, वाढायची, पाणीसुद्धा प्यायची नाही. मी कुरकुरायचो, की बायको असून खाणावळीत जेवल्यासारखं वाटतं. मी तिच्या समोर बसलो. एक भजं उचललं.

दिव्याभोवती किडे जमले होते. एक बारीक पंखाचा किडा फिरत फिरत आला आणि तिच्या ताटात, तेलाच्या ओघळावर पडला. पाय झाडत होता. त्रिशलानं करंगळीच्या टोकानं त्याला अलगद उचललं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, त्याच्यावर हळूच फुंकर मारली. पंख तेलात चिकटलेले होते. तो हलायचा थांबला.

मग ती वळली, ताट जवळ ओढलं आणि पुढचं भजं उचललं.

"वाढा," ती म्हणाली, आणि मी वाढत राहिलो.